गाडीखालची उजवी बाजू

ताईला मी दवाखान्यात वेळेवर पोहोचवलं. आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. आता हे वाक्य विसरा. कुणी कुणाला पोहोचवलेलं नाही. गाडी जॅकवर आहे, मागचं चाक अंगणात आडवं पडलंय, मी गाडीखाली आहे आणि ताईला, ठरल्या तारखेच्या कितीतरी आधी, कळा सुरू झाल्यात!

झालं असं, की गाडी मागून खडखडायची. मेकॅनिक म्हणाला, "उजवीकडचा खालचा कंट्रोल आर्म गेलाय." म्हणजे चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. "पुढच्या महिन्यात आणा." पुढच्या महिन्यात तर मी मामा! दोन्ही बाजूंना चालणारा नवा आर्म विकत आणला. म्हटलं, बोल्टच तर काढायचेत, चहा निवेपर्यंत उरकतो.

गाडीच्या मागून खाली सरपटलो, उताणा पडलो, उजव्या हाताचा आर्म हेरला आणि त्याच बाजूचं चाक काढलं. बोल्ट मात्र सासरी रुसलेल्या जावयासारखा, जागचा हलेना! शेवटी पान्याला बाळाच्या नव्या पाळण्याचा पाइप लावून लोंबकळलो. बोल्ट सुटला. पाइपचं धनुष्य झालं. नवा आर्म जागेवर टेकवतोय, तोच घरातून आई ओरडली.

"अरे, गाडी काढ! ताईला न्यायचंय!"

"गाडी आहे की, आई. फक्त चाक यायचंय."

"कुठून?"

"अंगणातून."

टॅक्सी मिळेना, अॅम्ब्युलन्स पुलावर अडकलेली. ताई कमरेवर हात ठेवून दारात आली. तिने जॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे. जॅककडे जरा मायेनं पाहिलं.

आर्मचे बोल्ट हातानेच अडकवून मी चाक चढवलं. नट असे भराभर फिरवले, की पान्यालाच घेरी आली! जॅक उतरवला.

"ताई, मागे बस. गाडीवर वजन आल्याशिवाय आर्मचे बोल्ट पक्के आवळायचे नसतात. रबर पिळवटतं."

"इथे माझं काय पिळवटतंय ते विचार!"

"जरा कळ काढ..."

आईने चप्पल काढली. मी बोल्ट आवळले.

निघालो! आणि पहिल्याच वळणावर मागून खड्‌खड्‌! खड्‌खड्‌!

"आवाज अजून येतोय," दोन कळांच्या मध्ये ताई म्हणाली.

"नवा आहे, रुळेल."

"माझ्या बुडाखालून येतोय. मी उजवीकडे बसलेय. तू कुठला बदललास?"

"उजवाच! माझ्या उजव्या हाताचा..."

"उताणा पडून? डोकं आत घालून? अरे गाढवा, तुझा उजवा म्हणजे गाडीचा डावा!"

"म्हणजे धडधाकट हात काढलास," आई म्हणाली, "आणि मोडक्यावर आम्हाला नेतोयस?"

उत्तर मागून आलं. खड्‌खड्‌! उरलेला रस्ता मी गाडी चालवलीच नाही. डोक्यावर अंड्यांची पाटी घेतल्यासारखी नेली. मागून हॉर्न, शेजारून शिव्या, कानाशी ताईचा श्वास. दवाखान्याच्या दारात तिला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा तिने जाता जाता फर्मान काढलं, "आधी याचे पाने जप्त करा!"

भाची खणखणीत आहे.

सबब, ती. ताईसाहेबांस सविनय विनंती की, उजव्या बाजूचे काम अद्याप प्रलंबित असून अनुभवी कारागीर घरातच उपलब्ध आहे. तरी अर्जदारास गाडीखाली आणखी एकवार उताणे पडण्याची लेखी परवानगी मिळावी.