नानांची सायकल आणि शालीतला चोर

विनायक बर्वेला आपल्या योजनेत एकही भोक दिसत नव्हतं. संक्रांतीला नाना, म्हणजे त्याचे वडील, मराठी मंडळाच्या बसमधून पहाटेच पानिपतला जाणार, दर वर्षीसारखे. युद्धभूमीवर फुलं वाहून, भाषणं ऐकून, अंधार पडायच्या सुमारास परत येणार. तेवढ्या वेळात त्यांची सायकल दिल्लीत मुनिरक्याच्या एका सायकल-दुकानात न्यायची, तिच्यात किती जाड टायर बसतात ते मापून घ्यायचं आणि संध्याकाळच्या आत पुन्हा होती तिथे लावून टाकायची. मग सवडीने, मापं हातात घेऊन, नानांशी बोलायचं. मापं दाखवली की नाना ऐकतात असा त्याचा अनुभव नव्हता, पण अंदाज होता.

विनायक म्हणजे एका जागी न बसणारा माणूस. केंद्र सरकारात अवर सचिव झाला आणि त्याला अशा विभागात टाकलं जिथे फाइली येतच नसत. मग तो कॉरिडॉरमध्ये येरझारा घाली. घरी आला की सोफे हलवी. मागल्या वर्षी बासरी झाली, त्याच्या मागल्या वर्षी गच्चीवर मधमाश्या झाल्या. त्या प्रकरणानंतर फरीदाबादच्या त्यांच्या सोसायटीने एक नवा नियमच केला होता.

या वर्षी ऑफिसातल्या शशिकांतने त्याला ग्रॅव्हलचं वेड लावलं. दर रविवारी आठदहा जण मांगरच्या बाजूला, अरवलीतल्या खडी-मुरमाच्या रस्त्यांवर सायकली हाणायचे. सगळ्यांच्या सायकली नव्याकोऱ्या, जाड टायरच्या. विनायकने एकदा चहा पिता पिता सांगून टाकलं की नवी सायकल कोणीही आणेल, मी माझ्या वडिलांची जुनी इंग्लिश रेसर खडीवर चालवून दाखवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

ती सायकल नानांनी सत्तरच्या दशकात, मायदेशी परतणाऱ्या एका वकिलातीतल्या माणसाकडून घेतली होती. वाकडं हँडल, बोटाएवढे टायर, किरमिजी रंग. तरुणपणी नाना तिच्यावरून रिंग रोडला फेऱ्या मारत. आता एकोणऐंशीव्या वर्षी ते तिला फक्त पुसत. पार्किंगमध्ये एका खांबाला ती साखळीने बांधलेली असे, वर जुनी चादर, आणि कुलपाची किल्ली नानांच्या कपाटात.

संक्रांतीच्या सकाळी धुकं असं पडलं होतं की समोरची इमारत कोणीतरी उचलून नेल्यासारखी वाटत होती. नाना गेल्याबरोबर विनायकने किल्ली काढली. जॅकेट धुवायला गेलं होतं, म्हणून बायकोची, वृंदाची, तपकिरी शाल अंगावर घेतली आणि डोक्यावर माकडटोपी चढवली. खाली येऊन कुलूप काढलं, चादरीची व्यवस्थित घडी घातली. सायकलच्या टायरांत हवा नव्हती, म्हणून ती खांद्यावर घेतली. पावलागणिक पॅडल नडगीवर बसत होतं, त्यामुळे तो लंगडत, वाकून, इकडेतिकडे बघत गेटबाहेर पडला. गेटवरचा रखवालदार विष्णू नेमका पाठीमागच्या गेटशी दूधवाल्याला आत घेत होता. बाहेर टेम्पो उभा होता. सगळं कसं सुरळीत झालं, असं विनायकला वाटलं.

मुनिरक्यातलं दुकान अविनाश नावाच्या माणसाचं होतं. पीएच. डी. करायला दिल्लीत आला आणि प्रबंध सोडून सायकलींत रमला. त्याने चाक धरणाऱ्या चिमट्यात बोटं घालून पाहिलं आणि मान हलवली. जाड टायर चिमट्यात मावणार नाही. चाकंच थोडी लहान घालावी लागतील, मग जाड टायर बसेल. पण चाक लहान झालं की जुने ब्रेक रिमपर्यंत पोचणार नाहीत. नवे ब्रेक बसवायला सांगाड्याला वेगळे कान, म्हणजे धातूचे खुंट, वेल्डिंगने जोडावे लागतील. तेवढ्यात विनायकला ऑफिसातून फोन आला. फाइल आली होती. त्या आनंदात तो अविनाशला म्हणाला, “जो करना है कर दो यार, बस शाम तक चाहिए.”

त्याला म्हणायचं होतं, जे मापायचं ते मापा. अविनाशने ऐकलं, जे करायचं ते करा.

दुपारी चारला विनायक दुकानात परतला तेव्हा सायकल कुठेच नव्हती. चाकं भिंतीला टेकून होती, हँडल टेबलावर होतं, सीट एका डब्यावर होती. सांगाडा ओखल्याला वेल्डिंगला गेला होता. अविनाशने उत्साहाने मोबाइलवर फोटो दाखवला. ब्रेकचे कान जोडले गेले होते आणि भोवतीचा किरमिजी रंग जळून काळा झाला होता. आता रंग पूर्ण उतरवावा लागेल, तो म्हणाला, पण आठवड्याभरात एकदम फर्स्ट क्लास.

विनायक तिथल्या स्टुलावर बसला. बऱ्याच दिवसांत प्रथमच तो एका जागी नीट बसला होता.

घरी जाताना मेट्रोतच नानांचा फोन आला. सायकल नाही, ते म्हणाले. आवाज इतका साधा होता की विनायकच्या तोंडून निघून गेलं, “असेल हो तिथेच, नीट बघा.” एवढं म्हणून झालं आणि खरं सांगायची वेळ निघून गेली. तो घरी पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर चोरीची बातमी फिरली होती. चोराने चादरीची घडी घालून ठेवली याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. कुलूप तोडलं नव्हतं, किल्लीने उघडलं होतं. म्हणजे डुप्लिकेट किल्ली करून घेणारा आतलाच कोणीतरी, असं सेक्रेटरी खुराणांनी लिहिलं होतं.

नाना जेवले नाहीत. वृंदाने तिळाची वडी पुढे केली तर ती हातात धरून बसले. विनायक सांगायला तीनदा उठला आणि तीनदा पाणी पिऊन परत आला. सायकल नवी होऊन येऊ दे, मग सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढचे दोन दिवस तो घरभर फिरत होता. सोफे पुन्हा हलले.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग बोलावली गेली. आधी कॅमेऱ्याचं चित्रण बघायचं, मग पोलिसांत जायचं, असं ठरलं होतं. नाना पहिल्या रांगेत बसले. मागे विनायक आणि वृंदा. दाराशी विष्णू टोपी हातात घेऊन उभा होता.

खुराणांनी टीव्ही लावला. धुक्यातून एक कुबडी, लंगडी आकृती शालीत गुंडाळलेली आली, खांद्यावर सायकल. दोनदा मागे वळून पाहिलं. मग नडगी चोळली. गेटवरची खुर्ची रिकामी होती. खुराणांनी चित्र तिथेच थांबवलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. विष्णू सहा वर्षं इथे होता, तो चोराला सामील असणार, आजच त्याला काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघातिघांनी होकार दिला. विष्णूच्या हातातली टोपी पिळली जात होती.

विनायक उभा राहिला. “ये मैं हूँ,” तो म्हणाला.

खुराणांचे डोळे भरून आले. ते पुढे येऊन विनायकचे खांदे धरून म्हणाले, “बर्वेजी, गरीब की नौकरी बचाने के लिए इतना बड़ा दिल! पर देखिए, ये आदमी तो साफ़ लंगड़ा है. और उम्र भी सत्तर से कम नहीं.”

विनायकने सांगितलं की सायकल त्यानेच नेली, मुनिरक्याला आहे, ब्रेकचे कान जोडलेत. जितकं जास्त सांगे तितके लोक जास्त हेलावत. एका बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेवटी त्याने वृंदाच्या अंगावरची तीच तपकिरी शाल मागून घेतली, कोणाचीतरी माकडटोपी चढवली, दाराजवळची एक घडीची खुर्ची खांद्यावर टाकली आणि सगळ्यांसमोर वाकून, लंगडत, मागे वळून बघत टीव्हीपर्यंत चालत गेला.

“हाँ,” मागून कोणीतरी म्हणालं, “यही है.”

वृंदा शालीचा काठ उलटून बघत होती. “तरीच म्हटलं, हे काळं कसलं लागलंय,” ती म्हणाली. पुढचं घरी बोलू, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण विनायकला ऐकू आलं.

नानांनी टीव्हीकडे एकदा पाहिलं, मुलाकडे एकदा. “सायकल उजव्या खांद्यावर घेतात,” ते म्हणाले. “डाव्या खांद्यावर घेतली की चेन अंगाला लागते.” आणि उठून निघून गेले.

लोक पांगल्यावर विनायक विष्णूकडे गेला. माफी मागायला तोंड उघडलं. विष्णूने टोपी झटकून सरळ केली. “साब, सब मुझी पे शक कर रहे थे. दो दिन से घर पे फोन नहीं किया,” तो म्हणाला. “क्या बोलता?” विनायकने खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला. मग म्हणाला, माझ्या फोनवरून लाव, आत्ता. विष्णूने लावला आणि गावाकडच्या बायकोशी हळू आवाजात पुष्कळ वेळ बोलला. विनायक बाजूला उभा होता, आणि त्याला हलावंसंही वाटलं नाही.

सोमवारी नाना स्वतःच म्हणाले, चल, दाखव कुठे आहे ती. मुनिरक्याच्या दुकानात त्यांनी जळका सांगाडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. विनायक बोलणी खायच्या तयारीत उभा होता. पण नानांनी अविनाशला विचारलं की जाड टायरला हवा किती भरायची. मग गिअर किती हलका असावा यावर दोघांचा वाद लागला. दुपारचं जेवण तिथेच मागवलं गेलं. विनायकला दोनदा बाजूला सरकायला सांगितलं. रंग कोणता, हे त्याला कोणी विचारलंच नाही. नानांनी हिरवा ठरवला. निघताना फक्त एवढं म्हणाले की सायकल माझी आहे, न्यायची तर विचारून न्यायची, आणि मी विष्णूलाही तसं सांगणार आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी हिरवी सायकल तयार होऊन खाली उभी होती. जाड टायर, नवे ब्रेक, वाकडं हँडल तेच. गेटबाहेर शशिकांत आणि सगळी ग्रॅव्हलवाली मंडळी तिला बघायला आली होती. विनायक हेल्मेट बांधून, छाती काढून गेटपाशी आला. विष्णूने नमस्कार केला, गेट बंदच ठेवलं आणि इंटरकॉम उचलला.

“बाबूजी, साब साइकिल ले जा रहे हैं. जाने दूँ?”

पलीकडे नाना बराच वेळ बोलत होते. मंडळी घड्याळं बघू लागली. अठ्ठेचाळीस वर्षांचा भारत सरकारचा अवर सचिव हँडल धरून उभा राहिला. शेवटी विष्णूने रिसीव्हर बाजूला धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“साब, बाबूजी पूछ रहे हैं, अंदर स्वेटर पहना है?”