शिंगं नसलेला अपहरणकर्ता

मुलांनो, एका जंगलात विमानसेवा सुरू झाली होती. कोणत्या जंगलात ते विचारू नका. विचारलंत तर मी काहीतरी थाप मारीन आणि तुम्ही ती परीक्षेत लिहून याल.

विमान म्हणजे वेताची भली मोठी टोपली. ती घारींचं पथक उचलायचं आणि कॅप्टन करकोचा पुढे उडून वाट दाखवायचा. आत साळुंकीबाई प्रवाशांना कोकम सरबत द्यायच्या आणि "कृपया शेपट्या आत घ्या" असं गोड आवाजात सांगायच्या. जंगल फार पुढे गेलं होतं. खालच्या पाऊलवाटा तेव्हाही चिखलातच होत्या, पण तो विषय आज नको.

एके दिवशी टोपलीतून मोर, ससा आणि कासव चालले होते. मोराला उडता येतं, हे मलाही माहीत आहे. पण उडाल्यावर पिसं विस्कटतात ना! मधोमध मधाने भरलेली एक पितळी घागर होती. सिंहमहाराजांनी ती आपल्या सासुरवाडीला पाठवली होती. आणि मागच्या कोपऱ्यात एक उदमांजर बसलं होतं. तपकिरी, लांबोडकं, समोरून गेलं तरी लक्षात राहू नये असं.

टोपली चांगली उंच गेली. उदमांजर बूच लावलेला एक वाळका भोपळा घेऊन उठलं आणि साळुंकीबाईंजवळ जाऊन हळूच म्हणालं, "बाई, माफ करा हं. या भोपळ्यात गांधीलमाश्या आहेत. ती घागर मला द्या आणि कॅप्टनना टोपली जरा खाली घ्यायला सांगा. नाहीतर मला बूच काढावं लागेल."

बाईंनी घागर दिली. करकोच्याने टोपली खाली घेतली. उदमांजर "आभारी आहे" म्हणालं, सागाच्या पानांची शिवलेली छत्री त्याने पाठीला बांधली, डोळे घट्ट मिटले आणि "आई गं!" असं ओरडून खालच्या बांबूच्या बेटावर उडी टाकली. छत्री उघडली. मांजर गेलं, घागरही गेली. भोपळा मागे राहिला. तो रिकामा होता.

आता सासूबाईंना काय तोंड दाखवायचं, या काळजीने महाराज भयंकर खवळले. त्यांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून गवा. गवा अतिशय सज्जन प्राणी. कोणत्याही साक्षीदाराचं मन मोडायचं नाही, प्रत्येकाच्या साक्षीतलं थोडंथोडं घ्यायचं, ही त्याची पद्धत. अशाने समितीत भांडणं होत नाहीत.

पहिल्यांदा करकोच्याला उभं केलं.

"टोपली खाली का घेतलीस?" गव्याने विचारलं.

"साहेब, गांधीलमाश्या होत्या."

"कोणी पाहिल्या?"

"कोणीच नाही. भोपळा बंद होता."

"म्हणजे नव्हत्याच. मग घाबरलास कशाला? तू आतून सामील आहेस. खरा चोर सापडेपर्यंत याचे पंख वेलींनी बांधा."

मुलांनो, करकोच्यांची उत्तरेला परतायची वेळ जवळ आली होती. आधीच पुढे गेलेली त्याची करकोचीण तिकडे घरट्यात वाट बघत होती. थवा कोणासाठी थांबत नाही. मला या ठिकाणी त्या गव्याचा फार राग येतो, पण गोष्ट पुढे न्यायला हवी.

मग साक्षी सुरू झाल्या. मोर प्रवासभर घागरीच्या चकचकीत पोटात स्वतःलाच न्याहाळत होता. तो म्हणाला, "चोर रुबाबदार होता. डोक्यावर तुरा होता. माझ्याइतका सुरेख नव्हता, पण होता."

सशाने भोपळा दिसताच कानांनी डोळे झाकून घेतले होते. तो थरथरत म्हणाला, "एवढाले दात! अंगावर वाघासारखे पट्टे! शिंगंसुद्धा होती बहुतेक."

"किती?" गव्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तितकी, साहेब."

कासव तर कवचातच होतं. ते म्हणालं, "मी पाहिलं नाही. पण विजेसारखा चपळ होता. माझ्या शेजारून काहीतरी गेलं, तेवढ्यावरून सांगतो."

शेवटी साळुंकीबाई उठल्या. "साहेब, ते साधं उदमांजर होतं. डावा कान थोडा फाटलेला. माझ्याशी नीट बोललं, आभार मानले. उडी मारताना घाबरून 'आई गं' म्हणालं."

समिती हसायला लागली. "आभार मानणारा दरोडेखोर? बाई, जंगलाची अब्रू काढता काय?"

साक्षी तीन वेळा झाल्या. प्रत्येक वेळी मोराच्या चोराचा तुरा वाढला आणि सशाच्या चोराला आणखी एक दात फुटला. गवा खूश झाला. म्हणाला, "याला म्हणतात जिवंत अनुभव. साळुंकीबाई मात्र तिन्ही वेळा तेच ते बोलल्या. पाठ करून आलेल्या दिसतात." तरी त्यांचं मन मोडू नये म्हणून त्यांचा फाटका कान तेवढा ठेवून घेतला.

मग सुतारपक्ष्याने सगळ्यांच्या सांगण्यावरून झाडाझाडावर चित्र कोरलं. तुरा, पट्टे, सुळे, फाटका कान, चार शिंगं आणि पायांखाली वीज. आया ते चित्र दाखवून पिल्लांना भरवू लागल्या. हळूहळू त्या चोराची इतकी कीर्ती झाली की जो तो समितीपुढे येऊन "तो मीच" म्हणू लागला. एक डुक्कर तर सहकुटुंब आलं.

इकडे करकोचा बांधल्या पंखांनी तळ्याकाठी चालत फिरायचा. एका सकाळी त्याचा थवा डोक्यावरून उत्तरेला निघून गेला. तो मान वर करून थवा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. बांबूच्या बेटातून उदमांजरानेही ते पाहिलं. घागरीतला शेवटचा मध चाटता चाटता ते थांबलं.

त्याच दुपारी ते रिकामी घागर घेऊन समितीपुढे हजर झालं. "साहेब, मध मी पळवला. करकोच्याचा काही दोष नाही. त्याला सोडा."

गव्याने एकदा त्याच्याकडे आणि एकदा चित्राकडे पाहिलं. "शिंगं कुठे आहेत?"

"नव्हतीच, साहेब."

"पट्टे?"

"नाहीत. पण ही घागर बघा. महाराजांचा शिक्का आहे हिच्यावर."

"घागर कोणालाही सापडू शकते. शिंगं सापडत नाहीत."

"साहेब, हेच ते!" साळुंकीबाई ओरडल्या. "कान बघा त्याचा! त्याला विचारा, उडी मारताना काय म्हणालं ते!"

"आई गं म्हणालो," उदमांजर खाली मान घालून पुटपुटलं.

"बाई, तुम्ही साक्षीदार आहात," गवा शांतपणे म्हणाला. "चोर ओळखायचं काम समितीचं. आणि तू रे, प्रसिद्धीसाठी इतक्या थराला जातोस? घरी जा, अभ्यास कर."

उदमांजर बाहेर येऊन रडत बसलं. साळुंकीबाई त्याच्याजवळ आल्या. आधी त्याला चांगलं रागावल्या. मग म्हणाल्या, "रडत काय बसलायस? त्यांना शिंगं हवी आहेत ना? चल माझ्याबरोबर."

बाईंनी चार वाळक्या फांद्या त्याच्या डोक्याला बांधल्या. कोळशाने पट्टे ओढले. मोराचं गळलेलं पीस तुरा म्हणून खोचलं. दातांसाठी काकडीच्या उभ्या फोडी खोचल्या. दुसऱ्या दिवशी उदमांजर त्या थाटात समितीपुढे आलं आणि काकडी सांभाळत बोबडं बोबडं म्हणालं, "मीच तो!"

"हाच तो!" मोर, ससा आणि कासव एकदम ओरडले. ससा तर जागच्या जागी बेशुद्ध पडला. हा भक्कम पुरावा म्हणून नोंदवला गेला.

चोराची वाजतगाजत मिरवणूक काढून त्याला पिंजऱ्यात घातलं. करकोच्याचे पंख सोडले. निघण्यापूर्वी तो पिंजऱ्यापाशी आला.

"कॅप्टन, मला माफ करा," उदमांजर म्हणालं.

"तुझं ते 'आई गं' मीही ऐकलं होतं," करकोचा म्हणाला. "पण मला कोणी विचारलंच नाही. आणि मांजरा, पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून उडी मार, नाहीतर पाय मोडेल." एवढं बोलून तो उत्तरेला झेपावला. थव्याच्या मागे पडला होता, पण पोचला. घाबरू नका, पोचला.

दुसऱ्या दिवशी उदमांजराला भूक लागली. त्याने दात खाल्ले. मग ऊन चढलं. घामाने पट्टे उतरले, शिंगं टोचायला लागली म्हणून त्याने काढून ठेवली. पहारेकरी रानडुक्कर जेवण घेऊन आलं आणि डोळे फाडून बघतच राहिलं.

"ए! तू आत कसा घुसलास? ही थोर चोराची जागा आहे!"

"अहो, मीच तो."

"गप्प बस! सकाळपासून असं म्हणणारा तू पाचवा. चल, नीघ इथून!" आणि डुकराने त्याला पिंजऱ्याबाहेर हाकलून दिलं.

नंतर पिंजरा रिकामा दिसला तेव्हा जंगलभर हाहाकार उडाला. अट्टल चोर दुसऱ्यांदा निसटला! समिती पुन्हा बसली. मोराने चोराला छप्पर फोडून जाताना पाहिलं होतं. मोर त्या वेळी डोंगरापलीकडे होता, पण त्याने अगदी स्पष्ट पाहिलं होतं.

सगळ्यांत शेवटी गव्याने विचारलं, "साळुंकीबाई, तुम्ही काय पाहिलंत?"

बाईंनी एकदा उत्तरेच्या आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, त्याला आता सहा शिंगं आली आहेत. आणि पंखही फुटलेत."

"शाब्बास!" गव्याचे डोळे भरून आले. "बाई, आज पहिल्यांदा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यासारखं बोललात."

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरंच बोलावं; मात्र बोलण्यापूर्वी खऱ्याला शिंगं लावून घ्यावीत.