नॉर्वेच्या जहाजातली आतली खोली

"भूगोलाच्या मास्तरला समुद्र निवडायला शिकवू नको!" असं मी आमच्या लेकीला फोनवर ठणकावलं. कळमनुरीत उभी हयात भूगोल शिकवलाय मी. नॉर्वे तर डोळे झाकून नकाशात दाखवतो! (एकदा बोट स्पेनवर पडलं. पण नकाशाच वाकडा टांगलेला होता.)

लेक ऐश्वर्या पुण्याहून म्हणाली, "पप्पा, नॉर्वेच्या सहलीची जहाजं ढीगभर आहेत. आधी आईला काय बघायचंय ते विचारा, मग निवडा."

आमच्या सौ. शिलाची मागणी एकच. "आभाळात हिरवा उजेड नाचतो म्हणे. तेवढा दाखवा. बाकी तुमी ठरवा."

बाकी मी ठरवलं! मला थंडीची फार तकलीफ. सिद्धेश्वरच्या धरणावर जायचं तरी दोन कानटोप्या घालतो. म्हणून जून निवडला. मग खोली. बाल्कनीची, खिडकीची, नाहीतर आतली.

"खिडकीची घ्या की," शिला म्हणाली.

"येडी का काय! ओसरीवर पाहुणे झोपतात, मालक माजघरात!"

जहाजावर आमच्या माजघराचं दार उघडलं. चार भिंती! एका भिंतीवर समुद्राचं चित्र. शिलानं ते पडद्यासारखं सरकवून पाहिलं. मागं भिंतच.

"अगं, वर डेकवर सगळी खिडकीच हाय," मी म्हणालो.

हिरवा उजेड बघायला आम्ही डेकवर जाऊन बसलो. जेवणं झाली, लोक झोपायला गेले, तरी ऊन आपलं लख्ख! शेवटी शिलानं चहा देणाऱ्या गोव्याच्या पोऱ्याला विचारलं, "भैया, अंधेरा कब होता?"

"मॅडम, अगस्त में!"

शिला माझ्याकडं वळली. "का हो, तुमी भूगोलच शिकवत होता ना?"

मध्यरात्रीचा सूर्य! जूनमध्ये तिकडं रात्र होतच नाही! दर परीक्षेला हाच प्रश्न मी हमखास टाकायचो. चुकलेल्या पोरांना बाकावर उभं करायचो!

तोंड लपवायला खोलीत शिरलो आणि पांघरूण ओढलं. आत मिट्ट काळोख. जाग आली तेव्हा घड्याळात चार वाजलेले. पहाटच हाय, म्हणून पुन्हा कूस बदलली. तेवढ्यात दार उघडून शिला आत आली. गाल लाल, केस विस्कटलेले.

"अहो, दुपार झाली! धबधबे गेले, बर्फाचे डोंगर गेले, ती डोंगरातली खाडीबी संपली!"

"मला उठवायचं नाही का?"

"दोनदा आले. तुमी घोरून राहिले होते." मग ती पलंगाच्या कडेला बसली. "हिरवं काही दिसलं न्हाई. पण एवढ्या उंचावरून पाणी पडताना मी जन्मात बघितलं नव्हतं."

मला फार वाईट वाटलं. तिचं नव्हे, माझं!

परत आल्यावर शाळेनं सत्काराला बोलावलं. हार घातला, माईक हातात दिला. पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. "सर, धबधबा केवढा होता?"

मी घसा खाकरला. शिलानं अलगद माईक काढून घेतला.

"ते मी सांगते, बाळा. सरांना खोलीचं विचार."