तीन नंबरच्या खिडकीतला डायनासोर

जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर ज्या बाई बसत, त्यांना सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. समोर साठ माणसं बसली तरी चूं करायची कुणाची बिशाद नाही, असं त्या आपल्या थोरल्या जावेला नेहमी ऐकवत.

त्या मंगळवारी सकाळीच टोकनचं यंत्र बंद पडलं. शिपायाने डोकं चालवलं. बाईंचा कॉम्प्युटर वायरने बाहेरच्या मोठ्या टीव्हीला जोडून दिला, म्हणजे बाईंनी नंबर टाकला की लोकांना दिसेल. टीव्ही होता खिडकीच्या वर, लोकांकडे तोंड करून. बाईंना तो दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि थोड्या वेळाने त्या त्याला विसरूनही गेल्या.

अकराला नेट गेलं. स्क्रीनवर एक इवलासा डायनासोर येऊन उभा राहिला. नेट यावं म्हणून बाईंनी सगळ्यात लांबडं बटण ठोकलं, तर ते जनावर पळायलाच लागलं. समोरून निवडुंग आला, बाई नुसत्या बघत राहिल्या आणि ते बिचारं जाऊन धडकलं. सव्वीस वर्षं मृत्यूच्या नोंदी केल्या होत्या, पण आपल्या हातून झालेला हा पहिलाच. बाईंच्या जिवाला लागलं. त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

आता उडी मारता येते हे कळलं. एक निवडुंग गेला, दोन गेले, मग तीन निवडुंगांचा जुडगा. बाईंनी पदर खोचला. बाहेर इतकी शांतता पसरली की पंख्याची करकर ऐकू यावी. आपला दरारा म्हणजे काय, असं बाईंच्या मनात आलं न आलं तोच डायनासोर आपटला, आणि बाहेरून साठ माणसांनी एकदम “अरेरे” म्हटलं.

कुणाला भोवळबिवळ आली असेल, असं समजून बाईंनी पुढचा डाव सुरू केला. या वेळी आकडा आठशेच्या वर गेला आणि कुठूनसा एक पक्षी उडत आला. बाईंनी उडी मारली ती थेट त्याच्या चोचीत. बाहेर हळहळ पसरली. पहिल्या बाकावरचे एक आजोबा उठले, खिडकीशी आले आणि समजुतीने म्हणाले, “होतं असं. तुम्ही परत घ्या, आम्हाला घाई नाही.”

परत काय घ्यायचं, ते बाईंना उमगेना. त्यांनी शिपायाला बाहेर पाठवलं. तो गेला, वर बघून परत आला आणि खाली मान घालून म्हणाला, “बाई, तुम्हीच दिसताय. म्हणजे, तुमचं जनावर.”

तेवढ्यात केबिनमधून साहेब आले. नेट येऊन वीस मिनिटं झाली, एक नंबर पुढे सरकला नाही, हा काय प्रकार आहे, असं त्यांनी मोठ्याने विचारलं. बाईंनी कशीबशी वायर उपटली. नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि जायची वेळ आली ती एका सरड्यापायी. पण तान्हं पोर मांडीवर घेतलेली एक बाई उठून शांतपणे म्हणाली, “काम चालूच आहे साहेब. त्यांचा हात क्षणभरही थांबला नाही.” बाकीच्या लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

त्या दिवशी बाईंनी जेवायची सुट्टी घेतली नाही. साठही दाखले दिले, आणि तेही अशा मऊ आवाजात की शिपायाला त्यांची तब्येत विचारावी लागली.

संध्याकाळी तक्रारवही साहेबांसमोर न्यायची असे. त्यात एकच नोंद होती, टपोऱ्या अक्षरात. साहेबांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि खुलासा लिहा म्हणून वही बाईंपुढे सरकवली.

‘खिडकी क्र. ३ वरील कर्मचारी पक्षी आला असता खाली वाकण्याऐवजी उडी मारतात. त्यांना योग्य ते प्रशिक्षण देण्यात यावे.’

बाईंनी पेन उघडलं आणि खाली लिहिलं, ‘नोंद घेतली. वाकायचं बटण माहीत नव्हतं.’