हात दाखवून डावीकडे

टॅक्सीवाल्याने दोघांना हॉटेलच्या बरंच अलीकडे, ऐन चढावर उतरवलं. बॅगा काढून रस्त्याच्या कडेला ठेवल्या आणि मास्तरांकडे न बघता मास्तरीणबाईंना म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण यांना मागं बसवून मी पुढची वळणं घेणार नाही. मला लहान मुलं आहेत."

मास्तरांनी काहीच केलं नव्हतं. निदान त्यांचं तसं मत होतं. टॅक्सीवाल्याने गिअर उशिरा बदलला की ते मागच्या सीटवरून नुसतं "हं" म्हणत होते. वळणावर हॉर्न दिला नाही की "हं". हॉर्न दिला तर तो जरा लांबला म्हणून "हं".

मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. ते शेजारच्या सीटवर बसत, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवत आणि "हं" म्हणत. त्या एका अक्षरात एवढा अर्थ भरलेला असे, की शिकाऊ माणसाच्या तळव्यांना घाम फुटे. एक नामांकित वकील तर गाडी भर चौकात सोडून रिक्षाने घरी गेले होते.

चढावर बॅगा ओढता ओढता मास्तरीणबाई थांबल्या. "हे बघा. लेक सासरी सुखात आहे. स्कूल भाच्यावर सोपवलीय. लग्नानंतर पहिल्यांदा आपण दोघंच बाहेर पडलोय. माझी एकच अट आहे. घरी परत जाईपर्यंत कुणाला काही शिकवायचं नाही."

"मी कुठं शिकवलं? मी नुसतं हं म्हणालो."

"हंसुद्धा नाही."

"मग श्वास तरी घेऊ का?"

"घ्या. नाकाने."

मास्तरांनी शब्द दिला. मास्तर शब्दाचे पक्के होते, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाईंनी हॉटेलच्या काउंटरवर चौकशी करून क्वाड बाईकची सहल ठरवून टाकली. चार जाडजूड चाकांची मोटरसायकल, पुढे वाट दाखवायला गाइड आणि माळरान, ओढे, टेकड्या असा फेरफटका. "पण तिथं रस्ता कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"नाहीच आहे. रस्ता नाही म्हणजे रस्त्याचे नियम नाहीत. नियम नाहीत म्हणजे तुम्ही गप्प. फार विचार करून निवडलंय मी."

टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड होती. शेडच्या दारात मालक खुर्ची टाकून बसला होता आणि गाइडला सगळ्यांसमोर ऐकवत होता, "आणखी एक तक्रार आली ना, की चावी इथं ठेवायची आणि सरळ घरी जायचं. कळलं?"

गाइडला ते नेहमीचं असावं. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, दंडावर वाघाचं चित्र. एक पाय गाडीवर टेकवून त्याने जमलेल्या लोकांना सांगायला सुरुवात केली. लोक म्हणजे मास्तर-मास्तरीणबाई, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि एकटेच आलेले एक दंतवैद्य.

"मंडळी, इथं सिग्नल नाही, पोलीस नाही! हा ब्रेक. हा खटका अंगठ्याने दाबला की गाडी पळते. गिअर नाही, क्लच नाही. नियम एकच, माझ्या मागं यायचं आणि मजा करायची!"

मग तो एकेकाच्या हेल्मेटचा पट्टा आवळत मास्तरांपाशी आला, आणि त्याचे हात हवेतच थांबले. काळा चष्मा आपोआप खाली आला.

"सर?"

मास्तरांनी निरखून पाहिलं. "क्लच?"

स्कूलमध्ये सगळे त्याला क्लच म्हणत, कारण शिकता शिकता त्याने स्कूलच्या दोन गाड्यांच्या क्लचप्लेटा जाळल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्याने चढावर गाडी सोडली आणि ती मागे मागे जात भाजीच्या हातगाडीला टेकली. तेव्हा मास्तर नेहमीपेक्षा किंचित लांब "हं" म्हणाले होते. त्यानंतर क्लच कुणाला दिसला नव्हता.

"तू इथं कसा?"

"या गाडीला क्लच नसतो सर. म्हणून ही नोकरी धरली."

मास्तरांनी तोंड उघडलं. मास्तरीणबाईंनी नुसतं पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं आणि नाकाने एक दीर्घ श्वास सोडला. क्लचच्या कानशिलावरून घाम ओघळला. "हं" एक वेळ परवडलं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सहल निघाली. पुढे क्लच. त्याच्यामागे मास्तरीणबाई हँडल धरून आणि त्यांच्या पाठीशी मास्तर. मागे जोडपं, शेवटी दंतवैद्य. गाड्यांचा आवाज घुमला, धूळ उडाली आणि मास्तरीणबाईंना एकदम वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. मागे मास्तरांचा उजवा पाय पायफळीवर नसलेला ब्रेक शोधत होता, पण तोंडातून अवाक्षर नव्हतं.

क्लचच्या हँडलला एक आरसा होता. मागची रांग नीट येतेय का, हे त्यात दिसे. आज त्याला त्यात एकच चेहरा दिसत होता.

पहिल्या झुडपाशी क्लचने वेग कमी केला. दुसऱ्या झुडपाशी हात बाहेर काढून वळण्याची खूण केली. समोर मोकळं माळरान, चिटपाखरू नाही, आणि हा आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे बघून झुडपाला वळसा घालतोय. एका दगडाजवळ तो चक्क थांबला आणि त्याने दगडाला पुढे जायची संधी दिल्यासारखं केलं. मग आरशात बघितलं. आरशातल्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याने वेग आणखी कमी केला.

काठी टेकत चाललेला एक म्हातारा त्यांना मागे टाकून पुढे गेला. जाता जाता आपुलकीने विचारता झाला, "काही बिघडलंय का?"

"ही सहल आहे की प्रेतयात्रा?" मागून दंतवैद्य ओरडले.

नवी नवरी नवऱ्याच्या कानात म्हणाली, "असंच जायचं होतं तर तुमच्या आजीलाही आणलं असतं."

मास्तरीणबाईंनी मान वळवली. "तुम्ही त्याला काही म्हणालात का?"

"शपथ घेऊन सांगतो, नाही."

"मग हे काय चाललंय?"

"उत्तम चाललंय," मास्तर कुजबुजले. त्यांचा आवाज भरून आला होता. "स्कूलमध्ये असताना याने एकदाही हात दाखवला नव्हता गं. आता बघ!"

आणि मग फाटा आला. एक वाट उजवीकडे टेकडीवर चढत होती, दुसरी डावीकडे झाडीत उतरत होती. क्लच या फाट्यावरून रोज जात असे. झोपेतही तो उजवीकडे वळला असता. पण आज त्याचं सगळं लक्ष आरशात होतं. त्याने लांबूनच, अगदी पुस्तकात दाखवतात तसा, रुबाबात हात बाहेर काढला आणि डावीकडे वळण्याची खूण केली.

खूण करून झाल्यावर त्याला चूक कळली. एरवी त्याने हात मागे घेतला असता आणि गुपचूप उजवीकडे वळला असता. पण मास्तरांच्या स्कूलमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खूण म्हणजे शब्द. दिला की पाळायचा.' क्लचने आरशात पाहिलं. मास्तर कौतुकाने मान डोलवत होते. क्लचने डोळे मिटल्यासारखे केले आणि डावीकडे वळला.

झाडीपलीकडे उतार होता आणि उताराच्या तळाशी दलदल होती. क्लचची गाडी पुढच्या चाकांनी आत गेली, मग मागच्या, मग एखादी म्हैस बसावी तशी सावकाश, समाधानाने खाली बसली. मास्तरीणबाईंनी वेळेवर ब्रेक दाबला. जोडपं त्यांच्या बाजूला येऊन थांबलं. दंतवैद्य हळूच जोडप्यावर आपटले आणि "सॉरी" म्हणाले.

"अरे, इकडे कशाला आणलंस?" दंतवैद्यांनी विचारलं. "वाट माहीत नव्हती का?"

"होती ना." चिखलात गुडघाभर उभ्या क्लचचा आवाज रडवेला झाला. "वाट उजवीकडेच होती."

"मग?"

"हात डावीकडे दाखवला होता."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," दंतवैद्य म्हणाले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर आकाशाकडे बघायला लागले.

फोनला रेंज नव्हती. क्लचने खटका दाबला की चाकं जागच्या जागी फिरत, चिखल उडवत आणि गाडी आणखी बोटभर खाली जाई. शेवटी त्याने हँडल सोडून हात जोडले. "सर, काहीतरी सांगा. मालक मला काढून टाकेल. तुम्ही कधीचे गप्प बसलाय, मला फार भीती वाटतेय."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी चिखलाकडे पाहिलं, क्लचकडे पाहिलं आणि उसासा टाकला. "बोला. सोडलं तुम्हाला शब्दातून. सांगा त्याला गाडी कशी काढायची ते."

सगळे ऐकायला पुढे झाले. मास्तरांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, पुन्हा घसा खाकरला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला नाही माहीत."

"काय?"

"चिखलातनं गाडी कशी काढतात ते मला माहीत नाही. आमचा रस्ता ठरलेला. स्कूलपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीला वळसा आणि परत. तिथं चिखल नाही. मी कधी टाकीच्या पुढं गेलोच नाही."

मास्तरीणबाई बघतच राहिल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुन्हा म्हणा बघू."

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या खेपेला ते वाक्य त्यांना तितकंसं जड गेलं नाही.

तेवढ्यात दंतवैद्यांनी बाह्या सरसावल्या. गाडीभोवती एक चक्कर मारून, वाकून त्यांनी चारी चाकं पाहिली. "अक्कलदाढ आहे," ते म्हणाले. "खेचायची नाही. खेचली की तुटते. आधी हलवायची. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मुळं सैल झाली की आपसूक येते. तुम्ही दोघं त्या बाजूला. ताई, तुम्ही मागं. मास्तर, तुम्ही हे हँडल धरा आणि अजिबात बोलू नका."

सगळ्यांनी मिळून गाडी हलवली. नवरदेव पहिल्याच झटक्यात चिखलात बसला, त्याला उठवायला गेलेली नवरी त्याच्या शेजारी बसली. "दुखतंय का?" दंतवैद्य सवयीने गाडीला विचारत होते. शेवटी एक मोठा 'पच्च' असा आवाज झाला आणि गाडी बाहेर आली. दंतवैद्यांना इतका आनंद झाला, की तिला चूळ भरायला सांगायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं.

आता प्रश्न परतीचा. क्लच पुढे व्हायला तयार होईना. "माझा धीरच खचलाय काकू. सर मागं बसले की मला वाट दिसत नाही, फक्त सरच दिसतात."

मास्तरीणबाईंनी क्षणभर विचार केला. "मग हे मागं नकोत. तुझी गाडी हे चालवतील, तू यांच्या मागं बसून वाट सांग. मी माझी गाडी एकटी आणते."

"मी?" मास्तर दचकले. चालकाच्या जागेवर आपण शेवटचे कधी बसलो होतो, हे त्यांना काही केल्या आठवेना. आयुष्य शेजारच्या सीटवर गेलं होतं. त्यांनी भीतभीत हँडल धरलं, अंगठा खटक्यावर ठेवला आणि जरासा दाबला. गाडी उसळली. मास्तरांनी हँडल घट्ट आवळलं. त्यांनी आणखी दाबला. मग हँडलवरची पकड सैल झाली आणि चेहऱ्यावर हसू आलं.

"सर, सावकाश," क्लच म्हणाला. "सर, झुडूप!"

मास्तर झुडपावरून गेले. हात दाखवला नाही, उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही. उंचवटा दिसला की ते वाट सोडून मुद्दाम त्यावर जात आणि चारी चाकं हवेत असताना "होऽऽ" असं ओरडत. मागे क्लचने त्यांच्या पोटाला मिठी मारली होती आणि डोळे गच्च मिटून तो "सर, ब्रेक! सर, ब्रेक!" असा जप करत होता. मास्तरीणबाई मागून येत होत्या. हसून हसून त्यांना हँडल धरवत नव्हतं. हा माणूस कोण, आणि इतकी वर्षं त्याला कुठं ठेवलं होतं, असा त्यांना प्रश्न पडला होता.

शेडसमोर मास्तर थांबले, म्हणजे मालकाची खुर्ची आडवी आली म्हणून थांबले. मालक त्याआधीच बाजूला उडी मारून वाचला होता. खुर्चीचे दोन पाय मोडले.

"इतका उशीर? गाडीला एवढा चिखल? आणि गिऱ्हाईक पुढं, तू मागं?" मालक क्लचवर गरजला. "दे ती चावी! दे इकडं!"

क्लचचा हात गाडीच्या चावीकडे गेला. मास्तर गाडीवरून उतरले. चेहऱ्यावर चिखल, चष्म्याची एक काच गायब.

"त्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "मी हट्टाने हँडल घेतलं. वाट मीच चुकवली, चिखलात गाडीही मीच घातली. तो बिचारा ब्रेक ब्रेक म्हणून ओरडत होता."

"अगदी खरं आहे," दंतवैद्य म्हणाले. जोडप्यानेही माना हलवल्या. मास्तरीणबाईंनी पदराने डोळे पुसत दुजोरा दिला. ते हसण्याचं पाणी होतं, पण मालकाला ते कळण्याचं कारण नव्हतं.

मालकाने मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं. मोडक्या खुर्चीकडे पाहिलं. मग लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "काका, वयाने मोठे आहात म्हणून जास्त बोलत नाही. पण माणसाने जे येत नाही ते करू नये. गाडीची एवढी हौस आहे ना, तर घरी गेल्यावर आधी एखादी चांगली ड्रायव्हिंग स्कूल लावा. शिकायला लाज कसली?"

मास्तरीणबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"एक आहे माझ्या माहितीत," क्लच जमिनीकडे बघत म्हणाला. "पाण्याच्या टाकीजवळ. सर थोडे कडक आहेत, पण माणूस चांगला आहे."

"ऐकलं ना?" मालक म्हणाला. "नीट पत्ता घेऊन ठेवा."

मास्तरांनी मान खाली घातली आणि क्लचला पत्ता विचारला. क्लचनेही तो सगळ्या खाणाखुणांसकट सांगितला.