सरकारी रस्त्यावरचं पाणी

दौलत हवालदारानं मला फसवलं. दिवसाढवळ्या, भरल्या गावासमोर आणि स्वतःच्या तोंडानं. जिंकलेली शर्यत त्यानं माझ्या हातातून काढली आणि दुसऱ्याला देऊन टाकली. त्यानंतरही आम्ही रोज सकाळी एकत्र चहा घेत आलो आहोत, त्याच्या आजारपणात मी त्याला पेज नेऊन दिली आहे. पण फसवलं ते फसवलं. ते मी सोडलेलं नाही.

लोक दुसऱ्याच्या तक्रारी करतात. दौलत स्वतःची करतो. आमची ओळखच तशी झाली. साताऱ्यात माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान. फौजेतून नुकताच पेन्शनीवर आलेला हा उंच, ताठ माणूस एका संध्याकाळी माझी सायकल घेऊन गेला, वाटेत अंधार पडला आणि सायकलला दिवा नाही हे त्याच्या लक्षात आलं. दुसरा कुणी गल्लीबोळातून घरी गेला असता. हा थेट पोलीस चौकीत गेला आणि म्हणाला, "बिनदिव्याची सायकल चालवली. लिवून घ्या." जमादार म्हणाला, "जावा घरी, कोन बगतंय?" हा उठेना. तासाभरानं जमादारानं वैतागून लिहून घेतलं, आणि सायकल कुणाची, असं विचारल्यावर यानं माझंही नाव सांगितलं. मी भांडायला त्याच्या घरी गेलो तर तो म्हणाला, "बरं झालं आलासा. चौकीत मी सांगितलंय, मालक सवता येऊन कबूल करतील."

'लिवून घ्या' हे त्याचं पालुपद. वाण्यानं काटा झुकता मारला तर तो जास्तीचे दाणे परत करायचा आणि लिहून घ्यायला लावायचा. बायको लवकर गेलेली, एकटा राहायचा, हातानं करून खायचा. दूध उतू गेलं तर स्वतःला शिक्षा द्यायचा: पाठीला ओझं बांधून पळत अजिंक्यताऱ्याला एक फेरी. मी एकदा म्हटलं, "अरं, दूध सगळ्यांचंच उतू जातं." तो म्हणाला, "सगळे माझ्या हाताखाली न्हाईत. मी हाय."

असा माणूस एक दिवस एक हँडबिल घेऊन दुकानात आला. दुष्काळ सरून तीन-चार पावसाळे झाले होते. सांगलीच्या अलीकडं कृष्णाकाठी एक गाव आहे; नाव लिहीत नाही, तिथं माझा अजून व्यवहार आहे. तिथल्या तालमीनं जोडीची तिहेरी शर्यत ठेवली होती. आधी नदीतून दोन मैल पोहायचं, मग पंचवीस मैल सायकल, मग सात मैल पळायचं. दोघांनी मिळून करायची, आणि मागचा माणूस पोचेल ती जोडीची वेळ. पहिल्या जोडीला ढाल.

"पांडबा, जोडी पायजे," दौलत म्हणाला.

"आपलं वय काय, दौलत?"

"बेचाळीस. हँडबिलात वयाचं कायबी लिवलेलं न्हाई."

मी तयार झालो, आणि का झालो ते सांगतो. मी दुष्काळी म्हसवडकडचा. पोहायला शिकलो वाईला, हॉटेलात कपबश्या विसळत होतो तेव्हा, घाटावर. सायकली मी भंगारातून जुळवल्या. एकाची दांडी, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं हँडल. माझ्या समोर एकानं नव्या सायकलींचं दुकान काढलं होतं आणि तो गिऱ्हाइकांना सांगायचा, पांडबाच्या सायकलीला बाप किती ते विचारा. मला ती ढाल पाहिजे होती. माझ्या हातच्या सायकलींवर मिळवलेली ढाल दुकानात अशी टांगायची, की ती समोरच्याला त्याच्या गादीवरून दिसेल. एवढंच.

दौलतला काय पाहिजे होतं, तेही मला ठाऊक होतं. निदान अर्धं ठाऊक होतं.

त्याची एकुलती लेक सुमन त्याच भागात दिली होती. तिचं गाव शर्यतीच्या रस्त्यावर, पळायच्या टप्प्यात. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. बाकीचे बाप यातून वाट काढतात. कुणी शेजारच्या घरी चहा पितो. कुणी लेकीच्या हातावर रुपया ठेवतो, विकत घेतलं म्हणतो आणि पोटभर जेवून ढेकर देतो. मला हे पटतं. माणसानं रिवाजाशीही घासाघीस करावी. दौलतला मी तसं सुचवलं होतं. तो म्हणाला, "रुपाया तिचा बापच देनार आनि ती बापालाच वाढनार. ह्यात फसवलं कुणाला?"

तो उन्हात स्टँडवरून चालत तिच्या घरी जायचा, ओट्यावर बसायचा, आणि कोरड्या घशानं उठायचा. सुमन भरलेला तांब्या घेऊन दारात उभी राहायची, घेणार नाही हे माहीत असून. एकदा तिला रडू आवरलं नाही. त्या दिवसापासून यानं जाणंच बंद केलं. त्याला चार वर्षं झाली होती. व्याही भला माणूस, बोलावण्याची पत्रं यायची. दौलत ती वाचून, घडी घालून, ट्रंकेत ठेवायचा. मूल अजून नव्हतं.

तर मला वाटलं, पळता पळता लेक नजरेला पडेल, एवढाच त्याचा हेतू. त्यात माझं काही जात नव्हतं.

त्या उन्हाळ्यात दौलतचं दूध फार उतू जायला लागलं. एक दिवसाआड तो किल्ल्यावर. मीही मागून धापा टाकत जायचो. निघायच्या दिवशी एस. टी.च्या टपावर सायकली चढवल्या. कंडक्टरला मी मोठ्या कष्टानं पटवत आणलं होतं की दोन सायकली म्हणजे एकच डाग धरावा, त्यांचे सुटे भाग मिळून एकच सायकल होते. तो हसला, मानतही आला. तेवढ्यात दौलत म्हणाला, "दोन हायेत. वजन करून लिवून घ्या." कराडपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी पंच म्हणून गावचे पेन्शनर हेडमास्तर होते. त्यांनी नियम वाचले. आदल्या वर्षी कुणीतरी परगावच्या जोडीला ताकात भांग घालून पाजली होती आणि ती जोडी एका देवळाच्या पायरीवर गाणी म्हणत सापडली होती. म्हणून नियम कडक केला होता: वाटेत पाणी घ्यायचं ते तालमीच्या माणसांकडून, नाहीतर स्पर्धकाच्या घरच्या माणसांकडून. परक्याकडून घेतलं तर जोडी बाद.

दौलतनं हात वर केला. "गुरुजी, परत एकदा वाचा."

त्यांनी वाचलं. दौलतनं मान डोलावली आणि नदीकडं बघत राहिला.

पोहण्यात आम्ही पाचवे. दौलत पोहतो तो रेड्यासारखा, मान वर काढून आणि 'एक-दो' मोजत. सायकलवर मात्र माझं राज्य होतं. पंधराव्या मैलाला सर्वांत पुढच्या जोडीतल्या एकाच्या नव्याकोऱ्या सायकलची साखळी पडली. तो वाकून बसला होता. मी घंटी वाजवली, गरज नसताना दोनदा वाजवली. सायकली ठेवून पळायला लागलो तेव्हा आम्ही पहिले होतो.

ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून तापलेली डांबरी सडक. गावोगावची माणसं कडेला उभी. "आवं मामा, बसा की जरा," "पेन्शनरांनो, सांभाळून," अशी चेष्टा चालली होती. मला राग येत होता आणि रागावर मी बरा पळतो. साखळीवाली जोडी मागं दिसायला लागली होती.

सुमनचं गाव आलं. शर्यतीत बाप आहे हे तिच्या कानावर गेलेलं असावं. ती सडकेच्या कडेला उभी होती, शेजारी तिची सासू, पायाशी पाण्याची कळशी, हातात तांब्या. दौलत थांबला. नुसता थांबला नाही, सावधानमध्ये उभा राहिला.

"आबा," सुमन म्हणाली, "हे घर न्हवं. रस्ता हाय. सरकारी."

दौलतनं खाली बघितलं. त्याचा एक पाय डांबरावर होता आणि एक कडेच्या मातीत. मातीतला पाय त्यानं उचलून डांबरावर घेतला. मग वाकला आणि ओंजळ पुढं केली.

मी जागच्या जागी पळत होतो. "दौल्या, मागं बघ. आले ते. घोटभर पी आणि चल." तो घोटभर पिईना. पहिला तांब्या संपला. सुमननं दुसरा भरला. पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं, ती एका धारेनं ओतत होती. मागची जोडी आम्हाला ओलांडून गेली. मी तोंडाला येईल ते बोललो. सुमनची सासू मला म्हणाली, "पिऊ द्या की वो. चार वर्साची तहान हाय, एका घोटात कशी जायाची?"

दौलतनं तोंड पुसलं, लेकीच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि पळत सुटला. त्यानंतरचे तीन मैल तो जसा पळाला तसा माणूस पळताना मी पाहिलेला नाही. मला त्यानं मनगटाला धरून ओढत नेलं. वेशीजवळ आम्ही त्या जोडीला गाठलं आणि चावडीच्या भिंतीएवढ्या अंतरानं पहिले आलो. माझ्या गळ्यात हार पडला. ढाल टेबलावर होती, मी तिला हात लावून बघितला.

आणि दौलत हेडमास्तरांसमोर जाऊन उभा राहिला. "गुरुजी, वाटंत पाणी घेतलं. दोन तांबे. लिवून घ्या."

"तालमीच्या माणसांकडून?"

"न्हाई."

मी पुढं झालो. "गुरुजी, त्याची सख्खी लेक हाय. लेक म्हंजी घरचंच मानूस. नियमात बसतंय."

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. भला माणूस होता. "मग प्रश्नच मिटला. हवालदार, मुलगी घरचीच ना? तुम्ही नुसतं हो म्हणा, मी तसं लिहितो."

मी मागून त्याच्या बरगडीत कोपर मारलं. एवढा सोपा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. एका शब्दाला ढाल.

"दिलेली लेक हाय, गुरुजी," दौलत म्हणाला. "घरची न्हाई. लिवून घ्या."

ढाल साखळीवाल्यांना गेली. मी गळ्यातला हार काढून टेबलावर आपटला आणि दौलतला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. सायकली भिंतीला टेकवल्या होत्या. शेवटी मला राहवेना. "घरची म्हनाला आसतास तर तुजं काय गेलं आसतं?"

तो म्हणाला, "ही बातमी सांजपातूर तिच्या कानावर जानार, पांडबा. घरची म्हनलो आसतो, तर ती म्हनली आसती, मग माज्या दारातनं तान्हेला का गेलासा? काय सांगू तिला? आता निदान तिला वाटंल, आबाला विलाजच न्हवता."

"आनि परकी म्हनलास, ते तिला लागनार न्हाई?"

"त्याची तिला सवय हाय. लग्नात सगळ्यांनी तेच सांगितलंय तिला. मीबी सांगितलं."

मग तो उठला आणि सायकलच्या चाकातली हवा दाबून बघायला लागला. हवा ठीक होती, सकाळी मीच भरली होती. माझ्याकडं पाठ करून तो चारही चाकं बघत राहिला, एक झालं की दुसरं, पुन्हा पहिलं. गाडी आली तरी तो वळला नाही. त्या दिवशी कंडक्टरशी मी बोललो, आणि सायकली दोन आहेत असं सांगितलं.

मी आयुष्यभर समोर माणूस बघून व्यवहार केला आहे. माल खराब निघाला तर कुणाच्या दारात जायचं ते मला माहीत असतं. हा रिवाज कुणी घातला, ते मात्र कुणी सांगत नाही. वाईच्या एका भटजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात आहे, पण पान सापडेना. म्हाताऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, आधीपासून आहे. ज्याला त्याला विचारावं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

तेव्हा ज्या कुणी हे ठरवलं, त्यानं, नाहीतर त्याच्या वतीनं आज जे हे पाळायला लावतात त्यांनी, समोर यावं. दिलेली लेक बापाच्या घरची की परकी, हे एका शब्दात सांगावं. भरला तांब्या घेऊन ती पोरगी दारात का उभी राहिली, आणि तिचा बाप चार वर्षं कुणाच्या शब्दाखातर तहानलेला राहिला, याचं उत्तर आधी तिला द्यावं. माझ्या ढालीचं आपण मग बघू.