शेपटीचं जास्तीचं हाड

मी गुप्तहेर आहे. ही गोष्ट माझ्याखेरीज फारशी कुणाला ठाऊक नाही, यावरूनच मी किती गुप्त आहे ते लक्षात यावं. लोकांच्या लेखी मी संग्रहालयाच्या दाराशी बसून पिशव्या ठेवून घेणारा आणि बिल्ले देणारा माणूस. पण नजर घारीची, कान सशाचे, आणि डोक्याबद्दल स्वतःच्या तोंडाने काय बोलायचं? चष्मा तेवढा लागतो. वाचायला. आणि लांबचं बघायला.

आमचा वायरमन माझा मदतनीस आहे. त्याला हे मान्य नाही, पण मदतनिसाचं मत विचारायची पद्धत नसते.

त्या दिवशी अकरा वाजता डायनोसॉरचं नवीन दालन उघडणार होतं. चार वर्षांचं काम. साडेआठला दालनातून किंकाळी ऐकू आली. मी धावत सुटलो, म्हणजे गुडघ्यांनी जेवढी परवानगी दिली तेवढा.

दालनाच्या मधोमध बावीस पावलं लांबीचा सांगाडा उभा होता. खाली वाळू पसरलेली, आणि शेपटीच्या खाली, वाळूवर, एक हाड. त्याच्यासमोर हाडबाई डोक्याला हात लावून उभ्या होत्या. हा सांगाडा त्यांनी जोडला. शिक्षण फार मोठं आहे, पण सगळे त्यांना हाडबाईच म्हणतात आणि त्या ओ देतात.

"एक हाड उरलंय," त्या म्हणाल्या.

"उरलंय ना? कमी तर नाही पडलं?" संचालक साहेब म्हणाले. "मग टाका कपाटात."

"साहेब, घड्याळ खोलून परत जोडलं आणि एक चाक उरलं, तर हातात बांधाल? हे शेपटीतलं आहे. कुठून तरी निसटलंय. मी पोरांना चुकीचा प्राणी दाखवणार नाही. शेपूट उतरवते."

"आत्ता? अहो, अकराला पाहुणे येतायत! आज नाही तर त्यांना सहा महिने वेळ नाही."

"मग सहा महिन्यांनी उघडा. सांगाडा बरोबर आहे या कागदावर सही मला करायचीय, पाहुण्यांना नाही."

एवढं बोलून त्या हाड उचलायला वाकल्या. त्याच क्षणी मी मध्ये पडलो.

"कुणी हात लावायचा नाही! पुरावा आहे." मी हाड रुमालात गुंडाळून काखेत मारलं.

"अहो, मला बघू तरी द्या."

"ठसे पुसले जातील, बाई."

"तुमच्या काखेत काय ठसे उमटणारेत?"

"अहो, ते हाड काल मी..." वायरमनने तोंड उघडलं.

"तू मधे बोलू नकोस," मी म्हणालो. मदतनिसांना ही सवय वाईट असते.

हाडं साच्यात ओतलेली, आणि प्रत्येकावर नंबर होता. पण गेल्या आठवड्यात रंगाऱ्याने सगळ्या सांगाड्याला एकसारखा रंग दिला, आणि सगळे नंबर त्याखाली गेले. राहिलं मोजणं. यादीत हाडं दोनशे चौदा. साहेबांनी मोजली ती दोनशे तेरा भरली. वायरमनची दोनशे सोळा. मी मोजली ती एकशे नव्वद, पण मला मधेच चहा आला होता.

हाडबाईंनी शिडी लावली आणि शेपटीच्या टोकापासून एकेक हाड उतरवायला घेतलं. मी तपासाला लागलो.

पहिला संशय रंगाऱ्यावर. "याच्या डब्यावर बघ," मी वायरमनला म्हणालो, "हाडाच्याच रंगाचे डाग!"

"हाडं त्यानेच रंगवलीत."

"म्हणजे कबूल आहे तर."

मग मी माझ्या खिडकीत बसून भिंगाखाली पुरावा पाहिला. शेपटीची हाडं लोखंडी नळीत मण्यांसारखी ओवलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाला आरपार भोक असतं. या हाडाला भोक नव्हतं. साधा माणूस इथे फसला असता. मी ओळखलं की गुन्हेगाराने भोक बुजवलंय! आणि भोकं कोण बुजवतं? गवंडी. गवंड्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी कुणी आहे का तुमच्याजवळ?"

मग मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं दालन आहे, आणि ते सांभाळणारे काका. डायनोसॉर आल्यावर यांच्या घुबडाकडे कोण बघणार? हेतू स्पष्ट होता.

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"तुमच्यासमोर. बुद्धिबळ खेळत होतो. तुम्ही हरलात."

"साक्षीदार?"

"तुम्हीच."

त्या साक्षीदारावर माझा पूर्ण भरवसा नव्हता, तरी काकांना तूर्त सोडलं.

सव्वादहाला खाली आलो, तर शेपटीची सहा हाडं वाळूवर मांडलेली. कुठेच जागा रिकामी सापडत नव्हती. हाडबाईंचा पाना हातातून दोनदा निसटला. फाटकाशी पहिली बस लागली होती आणि पोरांचा गलका आतपर्यंत येत होता. "चार वर्षं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि मला शेपूट लावता येत नाही." साहेब पाहुण्यांना फोन करायला खिशात मोबाईल चाचपू लागले.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"माझ्या दाराचं हाड कुणी उचललं?"

साहेबांचा हात खिशातच राहिला.

"सकाळपासून झाडूच्या खोलीचं दार आपटतंय. बोट चेपलं माझं. चार महिने ते हाड लावते मी दाराला, कुणाच्या डोळ्यांवर आलं?"

"मावशी, कुठलं हाड?" हाडबाईंनी शिडीवरूनच विचारलं.

"साचेवाल्या दादाने दिलेलं. साचा तयार झाला की पहिलं एक ओतून बघतो ना तो, साचा नीट उतरलाय का ते कळायला. भरीव असतं, चांगलं जड. टाकून देत होता. मी म्हटलं, द्या इकडे, दार धरेल."

"भरीव?" हाडबाई शिडीवरून दोन-दोन पायऱ्या सोडत उतरल्या आणि माझ्या काखेतलं हाड ओढून घेतलं. "याला भोकच नाही!"

"ते मला नऊलाच दिसलं होतं," मी नम्रपणे म्हणालो.

"मग बोलला का नाहीत?"

"भोक बुजवलंय असा माझा अंदाज..."

डायनोसॉर कशाने संपले याबद्दल बरीच मतं आहेत. माझं मत, त्यांच्याकडे कुणीतरी असं बघितलं असावं.

"पण ते शेपटीखाली आलं कसं?" साहेबांनी विचारलं.

"तेच तर सांगतोय सकाळपासून!" वायरमन म्हणाला. "काल संध्याकाळी त्या खोलीत दारामागच्या भिंतीवर विजेचा बोर्ड बसवला. दार लावल्याशिवाय भिंत मिळेना, म्हणून हाड काढलं. इथलंच पडलं असेल म्हटलं आणि हाड हाडांत आणून ठेवलं."

"मग बोलला का नाहीस?"

वायरमनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताचं काम छान झालंय.

आमची ही जाऊन दीड वर्ष झालं. मी घरभर तपास करायचो, शेजाऱ्यावर संशय घ्यायचो, आणि ती कणीक मळता मळता म्हणायची, "तुमच्या मागेच आहे, बघा." ती गेल्यापासून घरातलं एकही प्रकरण सुटलेलं नाही. मावशींचा आवाज ऐकला आणि क्षणभर मी खरंच मागे वळून बघितलं.

"उभे काय राहिलात?" हाडबाई ओरडल्या. "सहा हाडं परत चढवायचीत. या इकडे!"

मी शिडीखाली उभा राहून हाडं वर देऊ लागलो. वायरमनने शिडी धरली, साहेबांनी कोट काढून नळी धरली.

"हे चौथं का?"

"तिसरं! चष्मा लावा!"

"लावलाय."

"मग पुसा!"

मावशी आपलं हाड घेऊन केव्हाच निघून गेल्या होत्या. अकराला सात मिनिटं असताना शेवटचा स्क्रू बसला. हाडबाईंनी साहेबांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. पाहुणे आले, फीत कापली, आणि पोरांचा घोळका आत शिरताच असा आवाज उठला की वरच्या मजल्यावरचे काकासुद्धा जिन्यात येऊन उभे राहिले.

मी माझ्या खिडकीत परतलो. दप्तरं ठेवून घेत होतो. रांग हलता हलता समोर हाडबाई. तोंड धुतलेलं, केस नीट बांधलेले. चार वर्षं त्या मागच्या दारानेच यायच्या. त्यांनी एक कापडी पिशवी पुढे केली.

"बाई, तुम्हाला कशाला रांग?"

"आज बघायला आलेय," त्या म्हणाल्या. "बिल्ला द्या."

पिशवी उचलली, तर रिकामी. मी काही विचारलं नाही. फळीवर दोन दप्तरांच्या मधे नीट ठेवली आणि बिल्ला दिला. त्यांनी तो मुठीत घट्ट धरला आणि पोरांच्या मागोमाग आत गेल्या.